संत मरीनेच्या देवळीतला कान

रस्त्यात पडलेली वस्तू स्ट्रातिसच्या हातून सुटत नाही. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा सायकलींवर फिरायला गेलो, तेव्हा परतताना माझ्या पिशव्यांमध्ये माझे कपडे कमी आणि त्याचे लोखंडी पाने, नट, हुकाच्या रबरी दोऱ्या जास्त होत्या. त्यानंतर घरात एक नियम झाला. टाकून दिलेली वस्तू असेल आणि उपयोगाची असेल, तर ती त्याने खुशाल घ्यावी. हरवलेली असेल, म्हणजे तिला शोधत कोणी परत येईलसं वाटत असेल, तर ती फक्त उचलून उंचावर ठेवायची. कठड्यावर, कुंपणाच्या खांबावर, एखाद्या फांदीवर. मग पुढे निघायचं. तसं इकडे सगळेच करतात, नियम म्हणून कोणी म्हणत नाही इतकंच. भांडण होतं ते टाकलेलं कुठलं आणि हरवलेलं कुठलं यावर.

यंदा आमच्याबरोबर मिर्सिनी होती. द्राक्षं उतरतील तेव्हा ती चार वर्षांची होईल. स्ट्रातिसच्या सायकलमागे दोन चाकांचा ट्रेलर, त्यात ती, तिचा कापडी ससा आणि सदैव बिस्किटांचा चुरा. ईस्टर नुकताच झाला होता. आर्काडियाचा किनारा धरून आम्ही दक्षिणेकडे चाललो होतो, हॉटेलवाले अजून खुर्च्या रंगवत होते आणि रस्ता जवळजवळ आमचाच होता.

त्या सकाळी आधी एक प्लास्टिकची खुर्ची भेटली, वळणावर, समुद्राकडे तोंड करून, जणू कोणी आत्ताच उठून गेलं आहे. नंतर पाद्र्याची काळी उंच टोपी. तिच्यावर बराच वेळ चर्चा झाली. टोपी कोणी टाकून देत नाही, तेव्हा ती गेली कुंपणाच्या खांबावर, आणि लांबून तिथे एक बुटका पाद्री उभा असल्यासारखं दिसायला लागलं. मग एक लाल अंडं, ईस्टरला एकमेकांवर आपटून फोडतात तसलं, अजिबात न तडकलेलं. ते मिर्सिनीने स्वतः कठड्यावर ठेवलं, दोन्ही हातांनी, श्वास रोखून. ठेवल्यावर ती मागे सरकून बघते, नीट बसलं का ते. हे तिने बापाकडून घेतलं आहे.

आणि मग बकरीच्या गळ्यातली घंटा.

"ही हरवलेली आहे," मी म्हटलं. "धनगर शोधत येईल."

"पट्टा कुजलाय बघ. कधीची पडलीये. कोण येतंय आता?"

"झाडाला लाव आणि चल."

"आन्थी, तुझ्या माहेरी कोणी बकऱ्या राखल्या होत्या का गं?"

"तुझ्या तरी कुठे राखल्या होत्या?"

तेवढ्यात मिर्सिनीने ती घेतली, उजव्या कानाजवळ नेऊन हलवली आणि हसली. एखादा आवाज पहिल्यांदा नीट पोचला की ती पोटातून हसते. वाद तिथेच संपला. स्ट्रातिसने तारेने घंटा ट्रेलरच्या दांडीला बांधली आणि आम्ही वाजत निघालो.

तिच्या डाव्या कानाला काहीच ऐकू येत नाही. उजव्याला मशीन लावलं की येतं. मशीन हिवाळ्यात मिळालं, विम्याच्या रांगेत उभं राहून राहून. कानामागे बसणारा करडा तुकडा आणि कानात जाणारा निळा साचा, तिच्याच कानाचं माप घेऊन केलेला. ते आल्यापासून तिच्याकडे शब्द यायला लागले. पाणी. नको. अजून. बाबा. आई हा शब्द सगळ्यात शेवटी आला, त्यावरून स्ट्रातिस मला अजून चिडवतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की या वयात मशीन एक दिवसही काढून ठेवू नका, हे महिने तिला पुन्हा मिळायचे नाहीत.

चढ संपतो तिथे संत मरीनेची देवळी आहे. खांबावर पत्र्याचं इवलंसं चर्च, काचेचं दार, आत तसबीर, तेलाचा दिवा, काडेपेटी. देवळीखाली दगडी ओटा. तिथे आम्ही पाणी प्यायलो, मिर्सिनी जरा इकडेतिकडे पळाली, आणि मग लांबलचक उतार. खाली चिनाराखाली एक खानावळ उघडी होती. मोठ्या पांढऱ्या घेवड्याची भाजी आणि पाव मागवला. हात धुवायला नेताना मी मिर्सिनीची टोपी काढली, तर कान मोकळा.

ट्रेलर पूर्ण रिकामा केला. चुरा, शिंपले, एक मोजा, ससा. मशीन नाही. ते पडू नये म्हणून टोपीला एका चिमट्याने अडकवलेलं असतं. चिमटा तुटला नव्हता. नीट उघडलेला होता.

"तिने काढलं," मी म्हटलं.

स्ट्रातिस तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, स्वतःच्या कानाला हात लावला आणि दोन्ही तळवे उघडून दाखवले. कुठे आहे? मिर्सिनीने हात वर केला. डोक्याच्या वर, पंजा आडवा. मग त्याच्या ताटातला घेवडा उचलून खाल्ला.

"वर काय? वर कुठे?" तो उठून उभा राहिला. "आता नवीन मिळायला सहा महिने तरी... आन्थी, सहा महिने ती..."

"मला माहितीये. तू तिला भरव. मी जाऊन येते."

"मी जातो ना, चढ आहे."

"तू जाशील आणि पाने घेऊन येशील."

हे मी हसवायला म्हटलं नव्हतं आणि तो हसलाही नाही.

पिशव्या काढून ठेवल्या आणि रिकामी सायकल घेऊन मी वर निघाले. चालवत नव्हते, हातात धरून. तेच बरं होतं, नजर खाली ठेवता येत होती. एकच वस्तू शोधायला लागलं की रस्ता बाकी सगळ्या वस्तू दाखवायला लागतो. हातमोजा. लाइटर. मुलाच्या बुटाचा तळ. बाटलीची बुचं तर किती, आणि प्रत्येक करडं बूच लांबून तेच वाटायचं. एका ट्रकवाल्याने वेग कमी करून विचारलं, "काय पडलं गं, अंगठी?" मी म्हटलं, कान. त्याने गिअर टाकला आणि तो गेला.

देवळी अजून एक वळण वर असताना मी थांबले. एक बारीक शिट्टी ऐकू येत होती, डासासारखी, पण सरळ. हा आवाज मी रोज सकाळी ऐकते. मशीन चालू असेल आणि कानात नसेल, एखाद्या भिंतीला किंवा तळहाताला लागून असेल, की ते असं शिट्टी मारतं. मी सायकल तिथेच आडवी टाकली आणि पळत वर गेले.

काचेच्या दारामागे, तसबिरीखालच्या तारेवर नवसाचे पत्रे टांगलेले होते. इकडे ज्याचं जे बरं व्हावं त्याचा आकार पत्र्यावर ठोकून आणतात. पाय, डोळे, एक बाळ, आणि काळा पडलेला चांदीचा कान. त्या कानाशेजारी, लाल दोऱ्याने व्यवस्थित गाठ मारून, मिर्सिनीचं मशीन लटकत होतं. काचेला टेकून शिट्टी वाजवत.

मी दार उघडून हात आत घातला.

"हात बाहेर काढ."

पायवाटेने एक म्हातारी वर येत होती. काळे कपडे, एका हातात तेलाची बाटली, दुसऱ्या हातात काठी, आणि काठी टेकण्यासाठी धरलेली नव्हती.

"आजी, हे माझं आहे."

"मागच्या वर्षी एकाने दिवा नेला. तोही म्हणाला असता माझा आहे, पण धावत होता ना. हात काढ म्हटलं."

मी हात काढला. सगळं सांगितलं, एका दमात. तिने बाटली ओट्यावर ठेवली, दम घेतला आणि माझ्या सायकलच्या चड्डीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पडलेलं असतं तर मी काही बोलले नसते," ती म्हणाली. "पडलेलं नव्हतं. दारापुढच्या या फळीवर ठेवलेलं होतं, बरोबर मध्ये, तसबिरीसमोर. असं पडतं का काही? कोणाला तरी ऐकू यायला लागलं, त्याने आणून ठेवलं. मरीनेचं झालं ते. देवाला दिलेलं परत मागतात का?"

आणि मला मिर्सिनीचा आडवा पंजा दिसला, डोक्याच्या वर. तिने ते फेकलं नव्हतं. उंचावर ठेवलं होतं. आम्ही ठेवतो तसं. दोन्ही हातांनी ठेवलं असेल, मागे सरकून पाहिलं असेल. मी बाहीने चेहरा पुसायला लागले.

"रडू नको," म्हातारी म्हणाली. "चोर रडत नाहीत, हे मला कळतं. पण मी माझ्या बहिणीला फोन करून बसलेय. तिने सगळ्या गावाला सांगितलं असेल एव्हाना."

"माझ्या मुलीला हे नसलं तर ऐकू येत नाही, आजी. तिचे शब्द आत्ता कुठे यायला लागलेत."

तिने बाटलीचं बूच काढलं. दिव्यात तेल घातलं, वात वर ओढली. मग काळ्या पडलेल्या चांदीच्या कानाला बोट लावलं.

"हा मी टांगलेला. माझ्या म्हाताऱ्यासाठी. त्याच्याकडेही असलं यंत्र होतं, ड्रॉवरमध्ये ठेवायचा. म्हणायचा, तुझं ऐकण्यापेक्षा बहिरा बरा. शेवटी शेवटी मी काय बोलले ते त्याला काही कळलं नाही. आज हे बघितलं आणि म्हटलं, चला. त्याला नाही तर नाही, कोणाला तरी ऐकू आलं." तिने वात पेटवली. "तुझी मुलगी आहे कुठे?"

मी स्ट्रातिसला फोन केला. खालून ट्रेलर ओढत यायचं म्हणजे वेळ लागणार होता. आम्ही दोघी ओट्यावर बसून राहिलो. तिचं नाव गारिफालिया. मी कोणाची, कुठली, नवरा काय करतो, दुसरं मूल का नाही, असं सगळं विचारून झालं. मशीन शिट्टी वाजवत होतं. मध्येच ती म्हणाली, "मघापासून हे गातंय. मला वाटलं, देवी खूश आहे."

घंटा आधी ऐकू आली आणि मग स्ट्रातिस, लालबुंद, टी-शर्ट ओला. मिर्सिनी ट्रेलरमध्ये झोपली होती. आवाजाने ती उठत नाही, हात लावावा लागतो. गारिफालियाने ते पाहिलं. ट्रेलर थांबला, घंटा वाजायची थांबली, आणि पोर तशीच झोपलेली.

"मग बघू," ती म्हणाली आणि दोरा सोडला.

निळा साचा तिने आधी स्वतःच्या कानाला लावून पाहिला. जाईना. मग माझा चेहरा वळवून माझ्या कानाला. नाही. स्ट्रातिस पुढे झाला, त्याच्याही कानाला लावून झालं, जाईना. आम्ही तिघे असे उभे, आणि मी मिर्सिनीला उचलून कडेवर घेतलं. ती जागी झाली, म्हातारीला पाहून माझ्या मानेत शिरली. उजवा कान वर आला. गारिफालियाने साचा टेकवला आणि तो आपला आपण आत गेला, किल्ली कुलपात जाते तसा. शिट्टी थांबली.

म्हातारीने वाकून त्या कानाकडे पाहिलं. मग लाल दोरा स्वतःच्या बोटाला गुंडाळायला लागली.

"आता मी गावाला काय सांगू?"

स्ट्रातिसने माझ्याकडे पाहिलं. मग तो वाकला, दांडीची तार सोडवली आणि घंटा तिच्यापुढे धरली. "मशीनच्या बदल्यात ही घ्या, आजी. धनगर आला तर त्याला द्या. नाही आला तर देवीची."

गारिफालियाने घंटा घेतली, उलटी करून आत पाहिलं. "आमच्या इकडची नाही ही." ती मिर्सिनीच्या मागे गेली, दिसणार नाही अशी. मुलाला ऐकू येतं का ते असंच बघायचं असतं, हे तिला कोणी शिकवलं कोण जाणे. आणि घंटा जोरात हलवली.

मिर्सिनी गर्रकन वळली. भुवया आवळल्या, तळवा कानावर ठेवला.

"नको," ती म्हणाली. आणि माझ्याकडे वळून, अगदी स्पष्ट, "आई, नको."

मला त्याच वेळी कळलं की सकाळभर तिच्या कानाशी काय वाजत होतं आणि तिने मशीन का काढलं होतं. स्ट्रातिसलाही कळलं. तो रस्त्याकडे बघायला लागला.

"ऐकू येतंय," गारिफालिया म्हणाली. तिने घंटा तारेवर चांदीच्या कानाशेजारी अडकवली, लाल दोऱ्याने, आणि दार लावून घेतलं. मग एप्रनच्या खिशातून फोन काढला, हात लांब करून नंबर शोधला आणि पायवाटेला लागली. बहीण फोनवर आली असावी, कारण उतरता उतरता ती ओरडत होती, "नाही गं, परत नेलं. अगं, पण मी स्वतः पाहिलं. पोरगी वळली."