तुझं कोण गेलं?

टेकडीवर जाणाऱ्या रोपवेचा दोर तुटला, सहलीची मुलं आणि त्यांच्यासोबतची मोठी माणसं गेली आणि अख्खं शहर सुतकी चेहऱ्याने फिरू लागलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी खारीची आई गेली. आयुष्यभर वेळ पाळणाऱ्या बाईने नेमकी शेवटची वेळ चुकवली.

आई फुलांच्या दुकानात पुष्पचक्रं करायची. तिथे तिला सगळे मावशी म्हणत. कड्याला पाला बांधायचा, त्यावर फुलं तारेने अशी घट्ट बसवायची की तार कुठे दिसता कामा नये. पुढून बाग, मागून नुसता सांगाडा. हाताला वेग आणि जिभेला त्याहून जास्त. कुणा बड्या माणसाची ऑर्डर आली की म्हणायची, "मेल्या म्हशीला मणभर दूध. काल याला शेजारी ओळख देत नव्हते." आणि लेकीला, म्हणजे एका जागी बसेना म्हणून जिचं नाव खार पडलं तिला, बजावून ठेवलेलं, की माझ्यासाठी केलंत तर शेवंती घालू नका, मला शिंका येतात.

माझ्यासाठी, कारण दुकानाची तशी रीतच होती. कामावरचं माणूस गेलं की दुकानातून पांढऱ्या गुलाबांचं एक पुष्पचक्र जायचं, फुकट. आधीच्यांची सगळी मावशीनेच केली होती.

त्या दिवशी ऑर्डरींचा नुसता पूर होता. चौकातल्या श्रद्धांजली सभेसाठी जो तो पुष्पचक्र मागत होता. मावशीने मांडीवरचं शेवटचं पूर्ण केलं, जरा पाठ टेकते म्हणाली आणि टेकली ती टेकलीच. मालकीणबाईंना वाटलं झोपली, म्हणून त्यांनी मेल्यावरही तिला दोनदा झापलं. डॉक्टर येऊन हृदय बंद पडलं म्हणाले आणि घाईने निघून गेले.

खार शाळेतून धापा टाकत आली तेव्हा आईला मागच्या खोलीत, रिकाम्या खोक्यांच्या आड ठेवलं होतं. पुढे गिऱ्हाईक होतं ना. मालकीणबाई मात्र ओक्साबोक्शी रडत होत्या. खारीला भरून आलं, पण मग तिला टीव्ही दिसला. पडद्यावर झाडाला अडकलेलं एक लाल दप्तर दाखवत होते.

याच दप्तरासाठी आदल्या संध्याकाळी खारही रडली होती, इतकी की आई वैतागली होती. ताटातलं गार होतंय, ती काय तुझी लागून गेली होती? आणि आता सख्खी आई समोर पडली होती, तर डोळे कोरडे ठणठणीत. खारीने ते चोळूनही पाहिले. काही उपयोग नाही.

मग तिने एकच धरलं. रडू नाही तर नाही, आईला पुष्पचक्र मिळालंच पाहिजे. मालकीणबाई म्हणाल्या, पांढरं फूल औषधालासुद्धा उरलेलं नाही, शेवंती आहे थोडी. शेवंती नको, खार म्हणाली, आईने शेवटचं केलं तेच द्या. पण ते तर रिबन लावून टेम्पोत चढलं होतं.

"कळतं गं मला," मालकीणबाईंनी नाक पुसलं. "पण तुझ्या आईचं वय झालं होतं. ती लेकरं खेळत होती. शिकलेली आहेस, तुला समजायला हवं."

आई मालकीणबाईंपेक्षा दोन वर्षांनी लहान होती.

मामा गाडी घेऊन आला. विद्युतदाहिनीवाल्याने चारची वेळ दिली होती, आणि त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. खार म्हणाली, तू आईला घेऊन पुढे हो, मी आलेच, मी आल्याशिवाय आत ढकलू देऊ नकोस. मामा म्हणाला, चारच्या पुढे माझ्या हातात नाही. खार तोवर रस्त्याला लागली होती.

चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. फोटोंसमोर फुलांचा डोंगर. त्यातलं आईचं पुष्पचक्र खारीने लांबूनच ओळखलं. बाकी सगळ्यांच्या तारा बाहेर आल्या होत्या. कोपरं मारत ती पुढे घुसली आणि तिने ते उचललं.

मनगट पकडलं गेलं. चोर, चोर असा गलका झाला. एका चष्मेवाल्या सभ्य माणसाने काही न विचारता तिच्या कानशिलात भडकावली. मेलेल्या पोरांची फुलंही सोडत नाहीत म्हणाला. त्याने पुन्हा हात उगारला, तोच शाल पांघरलेली एक बाई मध्ये पडली. तिने खारीची हनुवटी वर केली.

"थांबा हो. बाळा, तुझं कोण गेलं?"

"आई," खार म्हणाली. ते खरंच होतं.

"रोपवेत?"

उगारलेला हात अजून वरच होता. खारीने होकारार्थी मान हलवली.

आणि काय सांगावं! शालवाल्या बाईने शाल तिच्यावर घातली, तिला पोटाशी धरलं. ज्याने थोबाडलं होतं तोच हमसून हमसून रडू लागला. मागून शेकडो हात आले, डोक्यावरून, पाठीवरून. आणि मग खारीचा बांध फुटला. आई गं, आई गं म्हणत ती अशी रडली की कॅमेरेवाला गर्दी तुडवत पुढे आला. तिला मंचावर खुर्ची मिळाली. मंत्री येणार होते, त्यांना तिला भेटायचंच होतं.

मला जायचंय, ती एकदा म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली. शालवाली बाई म्हणाली, कुठे जातेस आता, कोण आहे तुझं? चारचे ठोके पडले तेव्हा खार खुर्चीतच होती. खरं सांगायचं तर तिला तिथून हलावंसं वाटत नव्हतं. अख्खं शहर तिच्या आईसाठी रडत होतं.

ती पुष्पचक्र घेऊन दाहिनीवर पोचली तेव्हा उन्हं उतरली होती. ऑफिसात एकच माणूस होता, टीव्हीसमोर. तिला पाहताच ताडकन उठला. आत्ताच पाहिलं तुम्हाला, म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले. त्याने खुर्ची पुसून दिली, पाणी आणलं.

खारीने चार वाजताच्या बाईचं विचारलं.

"ती होय? झालं तिचं," तो म्हणाला. "भाऊ होता एकटा. थांबा म्हणत होता, मुलगी येतेय म्हणे. म्हटलं, असं जो तो थांबायला लागला तर आमचं कसं व्हायचं? आता तिलाच शोधायला गेलाय. बघा ना, आई मरते नि पोरीला सवड नाही. एकेक कार्टी असतात." त्याने तिच्या मांडीवरच्या गुलाबांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुम्ही वेळेची काळजी करू नका. हवा तेवढा वेळ घ्या, मी थांबेन. आईंना कधी आणताय?"

"उद्या," खार म्हणाली, आणि त्याने दिलेलं पाणी प्यायली.