वालरसचा ताजा घास

आर्नात्सियाकने वालरसचं पोट उभं चिरलं आणि तिची भाची इवालू त्यात जवळजवळ डोकंच घालायला निघाली.

"अगं, बाजूला हो. नाक कापलं जाईल."

"आत्या, बघ तरी! शिंपल्यांचा गर अख्खाच्या अख्खा आहे. पचायला सुरुवातसुद्धा झालेली नाही."

"म्हणूनच गोड लागतो," म्हणत आत्याने एक तोंडात टाकला आणि बाकीचे वाडग्यात भरून शेजारच्या म्हाताऱ्यांकडे धाडले.

"आत्या, पुरावा खातेयस तू!" इवालू ओरडली.

सामुद्रधुनीचा एक तुकडा जहाजांना कायमचा बंद होणार होता. कुठला, ते उद्याच्या बैठकीत ठरणार होतं. गावाच्या वतीने नकाशावर रेघ ओढली होती तिच्या वडिलांनी, उयाराकनी; दक्षिणेच्या उथळ पाण्याभोवती. हा वालरस मात्र उत्तरेला मारलेला, जिथे जहाजं नांगर टाकणार होती. नांगरांनी तळ खरवडला तर शिंपल्या संपून वालरस जाणार, आणि त्यांच्याबरोबर गावाचं हिवाळ्याचं मांस. आणि इतका ताजा घास तो लांब दक्षिणेहून खाऊन आला असेल?

"चल, वालरसांनाच विचारू," आत्या म्हणाली.

उत्तरेला होडीचं इंजिन बंद करून इवालूने वल्हं पाण्यात बुडवलं, दांड्याला कान लावला. खालून वालरसांची ठकठक येत होती. पलीकडे, ते तळ उकरत होते तिथे, पाण्यात गढूळ ढग उमटत होते. तिथे त्यांनी दोरीला बांधलेला लोखंडी डबा तळावरून ओढला. चिखलात शिंपल्या होत्या. कुठे तडा नाही, दोन्ही झाकणं जोडलेली, आतला गर तेवढा नाहीसा.

"फोडत नाही, ओठांनी ओढून घेतो! केवढा जोर लागत असेल, आत्या?"

"एवढा आवडला असेल तर लग्न कर त्याच्याशी."

किनाऱ्यावर उयाराक वाट बघत होते.

"बाबा, रेघ चुकलीय."

"ती माझ्या वडिलांची शिकारीची जागा आहे."

"येताना तिथेही डबा ओढला. नुसती वाळू."

"मग दोन्ही जागा घे."

"एकच मिळणार आहे, बाबा."

उयाराकनी एक रिकामी शिंपली उचलली, उघडून मिटली, वास घेतला. मग बहिणीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? माझं जेवण झालंय."

त्यांनी नकाशा मागवला. जुनी रेघ स्वतःच खोडली. नवी मात्र इवालूला ओढायला लावली आणि प्रत्येक वळणावर विचारत राहिले, "इथे ढग होता? नक्की?"