माश्यांपुढे भांडायचं नाही

युकातानमधल्या त्या माया गावात लिबोरियो आजोबांकडून काही मागून आणायचं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालायचा. तरी बालवाडीच्या नासारिया बाईंनी त्यांचा उंबरठा झिजवला आणि बिननांगीच्या मधमाश्यांचा एक पोकळ ओंडका मिळवलाच.

"नेतेस तर ने," आजोबा म्हणाले, "पण या माश्या मानी आहेत. भांडणतंट्याच्या घरात राहत नाहीत. एक भांडण माझ्या कानावर आलं, की ओंडका परत माझ्या परसात!"

बाईंनी हो म्हटलं, आणि वाटेत कपाळावर हात मारून घेतला. पाच वर्षांची पोरं, आणि भांडायचं नाही म्हणे! त्यापेक्षा मांजराला दुधाची राखण सांगितलेली बरी.

पण पोरांना त्या ओंडक्यानं वेड लावलं. ओंडक्याच्या भोकात एकच माशी तोंड काढून पहारा करायची, बाहेरून कुणी आली की आत सरकून वाट द्यायची. डंखाचं भय नाही, त्यामुळे शेंबडी पोरंसुद्धा भोकाला नाक लावून बसत. एखादी माशी पायांना पिवळं माखून आली, की सगळी वरात भोपळ्याच्या वेलाकडे. तिथे तिच्या बहिणी फुलात लोळताना सापडायच्याच. हा ओंडका गेला तर पोरांना काय सांगायचं, हे बाईंना सुचेना.

तोड काढली ती सातुर्निनानं. वर्गातली सगळ्यात भांडखोर पोर तीच. "माश्यांना ऐकू गेलं नाही, तर झालं ना बाई?" असं म्हणून तिनं भिंतीपलीकडचं झाड भांडणासाठी ठरवून टाकलं. ज्यांना भांडायचं, त्यांनी तिकडे जायचं. एका वेळी एकच जोडी. बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. गंमत अशी, की नंबर लागेपर्यंत निम्म्यांना आपण कशावरून भांडत होतो तेच आठवेना. बाईंनी सगळं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आणि एके सकाळी आजोबा हजर! मागे मक्याच्या पेयानं भरलेला भोपळ्याचा तुंबा घेऊन त्यांची बायको, कासिमिरा आजी. माश्यांना नैवेद्य दाखवायचा होता. नेमकं तेव्हाच भिंतीपलीकडून कुणीतरी ठणाणा केला, "माझी भोपळ्याची बी आहे ती, चोरा!"

"भांडण!" आजोबांनी ओंडक्यालाच हात घातला.

"आजोबा, ते बाहेर आहे हो!" बाई रडकुंडीला आल्या.

"राहू द्या की पोरांकडे," आजी म्हणाल्या.

"तू मध्ये बोलू नकोस!"

"का नको? परसात ओंडक्यांची रांग होती, आता बोटावर मोजण्याइतके उरलेत. म्हणे शेजाऱ्याची दृष्ट लागली!"

"लागलीच! त्या मेल्याची नजरच तशी!"

"नजर त्याची, आणि तोंड कुणाचं हो? सकाळी डोळा उघडल्यापासून माझ्यावर खेकसता ते?"

"आणि तू काय आरती ओवाळतेस?"

दोघांचा आवाज टिपेला पोचला, तोही थेट ओंडक्यापुढे. पोरांची तोंडं भीतीनं एवढीशी झाली. सातुर्निना पुढे आली आणि तिनं दोघांचे हात धरले.

"इथे नाही भांडायचं. चला!"

आजोबांचा असा हात धरायची गावात कुणाची छाती नव्हती. ते मुकाट्यानं निघाले. झाडाखाली त्या 'बी'वाल्या जोडीचं अजून चाललेलं होतं.

"थांबा इथे. त्यांचं होऊ दे," सातुर्निनानं बजावलं.

दोघं रांगेत उभी राहिली.

"दृष्ट नव्हती लागली, होय?" शेवटी आजोबांनी हळूच विचारलं.

"नाही," आजी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "आपणच घालवल्या."

आजोबा ओंडका न घेताच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दार उघडलं, तर आजोबा खांद्यावर आणखी एक ओंडका घेऊन उभे. त्यांनी तो पहिल्याशेजारी अलगद ठेवला.

"हाही इथेच राहू दे. आमच्याकडे याचं काही खरं नाही."

"आणि आजी?"

"ती केव्हाच झाडाखाली गेलीय," आजोबा घाईघाईनं वळले. "माझा नंबर धरून ठेवलाय तिनं."