काच की फायबर

उकंडा चक्कीच्या दगडांना टाकी लावायचा. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की पीठ जळकं यायला लागतं. मग चक्कीवाल्याचा निरोप यायचा. दिग्रसपासून बोरी अरबपर्यंत पंधरा-वीस चक्क्या त्याच्या हाताच्या. दगड उलटा पाडायचा, पुढ्यात मांडी घालायची आणि ठक ठक करत रेघेला रेघ पाडत जायचं. असल्याच एका दगडाची चिप उडून त्याचा डावा डोळा फार वर्षांपूर्वी गेला. राहिला उजवा, त्यालाही जाड नंबर. सगळा संसार त्या एका डोळ्यावर उभा होता, आणि त्याची बायको सत्यशीला त्या डोळ्याला तळहाताच्या फोडासारखी जपायची.

चष्मा काचेचा घ्यायचा की फायबरचा, यावर दिग्रसच्या किसनराव चष्मेवाल्याशी उकंडाची दर खेपेला हुज्जत व्हायची.

"फायबर घे, उकंडा. चिप लागली त काच फुटन अन् डोयात जाईन. एकच त डोया हाय तुहा."

"अन् दगडाची धूळ पुसता पुसता फायबरवर ओरखडे पडते त्याचं काय? दोन महिन्यात काहीच दिसत नाही. मले रेघ दिसाले पाह्यजे, किसनराव. काचच द्या."

सत्यशीलाचं मन फायबरकडे होतं. पण दुकानात चार माणसांसमोर नवऱ्याला खोडून काढायची तिला सवय नव्हती. काचच यायची.

गेल्या वर्षी उकंडा उजव्या खांद्याने दाराच्या चौकटीला धडकायला लागला. समोरचं दिसायचं, बाजूला ठेवलेली बादली मात्र लाथेने उडवायचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पितो म्हणून ठरवूनही टाकलं. ज्याने उभ्या जन्मात थेंब घेतला नाही, त्याला! सत्यशीलाला असा संताप आला की एप्रिलात बुद्धविहारात डोळ्यांचं शिबिर लागलं तेव्हा तिने त्याला हाताला धरून पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.

तिथे कोण गर्दी. भोंग्यावर नावं पुकारणं चाललेलं, पोरं रडत होती. तरण्याबांड डॉक्टरने डोळ्यात बॅटरी मारली, कसल्याशा यंत्राने डोळा तपासला, कागदावर काहीतरी खरडलं.

"काचबिंदू आहे, मावशी. यवतमाळला दाखवून घ्या, उशीर करू नका. पुढचे या."

झालं. आयुष्याचा निकाल आणि तोही एवढ्या घाईत.

सत्यशीलाच्या डोक्यात तो पहिला शब्द जाऊन बसला. मोतीबिंदू तिला ठाऊक होता. अर्ध्या वस्तीला झालेला. डोळ्यात मोत्यासारखा पांढरा ठिपका दिसतो म्हणून मोतीबिंदू. मग काचबिंदू म्हणजे काचेचा, आणखी काय? इतकी वर्षं डोळ्यासमोर काच धरली, ती उतरली डोळ्यात. तिला कोणी वेडी म्हणू नये. शब्द तिने नव्हता केला.

"उशीर करू नका म्हणलं डॉक्टरनं," ती बाहेर येताच म्हणाली. "चला जी, आत्ताच्या आत्ता ते काच काढून टाका."

उकंडाचं तोंडच उतरलं. हा हट्ट आपलाच होता, हे त्यालाही आठवलं. पहिल्या बसने दोघं दिग्रसला गेली.

"आली अकल एकदाची!" किसनराव खूश झाले. आज अचानक फायबर काहून, हे त्यांनी विचारलं नाही. आपलंच म्हणणं खरं झाल्याच्या आनंदात कोण कारण विचारतं? विचारलं असतं तर!

नवा चष्मा लावून उकंडाने समोरची पाटी घडाघडा वाचली. "पाह्य, काच गेली अन् डोया सुधरला."

"अन् यवतमाळ?"

"आता कायले?"

सत्यशीलाचा जीव भांड्यात पडला. शिबिराचा कागद तिने पेटीत ठेवून दिला.

दोन महिन्यांनी त्याला धुरकट दिसायला लागलं. फायबरवर ओरखडे होतेच, मग दुसरं कशाला शोधायचं? फायबर बदललं. पुन्हा धुरकट, पुन्हा बदललं. सोयाबीन निघालं, कापूस वेचणीला आला. मग डिसेंबरात सकाळी नवं फायबर लावून उकंडा महागावच्या चक्कीवर गेला आणि दुपारी अंगठ्याला फडकं बांधून परत आला. रेघा तिरप्या गेल्या होत्या. चक्कीवाल्याने दगड नासवला म्हणून हाकलून दिलं होतं.

सत्यशीलाने चष्मा उन्हात धरला. एक ओरखडा नव्हता. तिने पेटीतून शिबिराचा कागद काढला.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी फार वेळ तपासलं. नंतर शिबिराचा कागद हातात घेतला. "हा आठ महिन्यांपूर्वीचा. इतके दिवस काय केलं तुम्ही?"

"केलं नं, बाई," सत्यशीला म्हणाली. "त्याच दिवशी केलं. काच काढून टाकली, फायबर लावलं."

बाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवला. डोळ्याच्या आत दाब वाढतो, चष्म्याशी त्याचा काही संबंध नाही, हे त्यांनी सावकाश सांगितलं. तेव्हाच थेंब सुरू केले असते तर बरीच नजर टिकली असती. गेली ती येत नाही. उरलेल्यासाठी औषध देते, पण फार आशा ठेवू नका.

"मंग त्याले काचबिंदू काहून म्हणते?" सत्यशीलाने विचारलं. बाईंनी चिठ्ठीचा कागद पुढे ओढला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

उकंडाने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "म्हणजे काचेनं नाही झालं? मंग परत काच लावली त चालन का, बाई? फायबरवर लय ओरखडे पडते."

बाई चिठ्ठी लिहीत होत्या. "लावा, बाबा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "जी पाहिजे ती लावा."

किसनरावांशी चाललेली हुज्जत शेवटी आपणच जिंकली, अशा थाटात उकंडा बायकोकडे वळून हसला. सत्यशीलाला हसता आलं नाही. या खेपेला डॉक्टरांचं बोलणं तिला बरोबर कळलं होतं.