पहिला रंग वाळू दे

मी तांबडी कोंबडी बोलतेय. मध्येच दाणा दिसला तर बोलणं तुटेल, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म यंत्राच्या उबेतला. आईची ऊब ठाऊक नाही, पण सूनबाईंची ओंजळ ठाऊक आहे. आम्ही कोंबड्या म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांच्या सासूबाईंचा जीव मात्र खुराड्याच्या दारात. ते दार त्या दरवर्षी हिरवं रंगवतात.

बर्ड फ्लूची पहिली लस टोचली तेव्हा मी अख्खं खुराडं डोक्यावर घेतलं. खोटं कशाला बोलू, फारसं दुखलं नव्हतं. पायात निळं कडं आलं, त्याचाच तोरा जास्त.

थोड्याच दिवसांत नदीपलीकडच्या कोंबड्यांना रोग लागला. तिथली खुराडी रिकामी करावी लागली. सूनबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. सासूबाईंनी मला काखोटीला मारलं आणि पशुवैद्य बाईंना फर्मावलं, "दुसरी लस आजच टोचा. वाट कसली बघताय?"

"आजी, पहिल्या लशीनं हिचं अंग रोगाशी झुंजायला शिकतंय. ते शिकणं पुरं होऊ द्या. घाई केली तर दुसरीचा जोर म्हणावा तसा येणार नाही."

सासूबाई दाराकडे बघत राहिल्या. मागे एकदा सूनबाईंनी ओल्या रंगावरच दुसरा रंग फासला होता आणि सगळ्याचे पोपडे निघाले होते. त्यावरून सुनेला किती ऐकवलं, ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे.

"म्हणजे पहिला रंग वाळू द्यायचा," त्या पुटपुटल्या आणि मला खाली ठेवलं.

मग जाळी लागली, रानपाखरांना मज्जाव झाला, बूट धुतल्याशिवाय आत पाऊल टाकायची सोय उरली नाही. सासूबाई दारात ठाण मांडून बसल्या. सख्खे जावईसुद्धा बाहेरूनच परत गेले. ठरल्या दिवशी दुसरी लस टोचली, दुसरं कडं आलं. पुढे रक्त तपासून पशुवैद्य बाई म्हणाल्या, "छान ताकद आलीय!" सूनबाई हसता हसता रडल्या आणि मला इतकं घट्ट धरलं की अंडं तिथंच पडायचं बाकी राहिलं. साथ ओसरली, आम्ही सगळ्या शाबूत राहिलो.

आता मी म्हातारी झालेय. अंडं आलं तर आलं. तुम्हाला एकच विनवणी, लशीच्या ठरल्या दिवसाची वाट बघा, आणि तो आला की चुकवू नका.

आमच्यात वावरणाऱ्या माणसांनाही आता बर्ड फ्लूची लस मिळते; सासूबाईंनी पहिली घेतलीय. काल नर्सबाई शेजारी आल्या होत्या. सासूबाईंना म्हणाल्या, "आलेच आहे, तर तुमची दुसरी आजच उरकून टाकू?"

सासूबाईंनी हिरवा ब्रश उगारला. "ठरल्या दिवशी या! पहिला रंग वाळू दे!"

सूनबाई पोट धरून हसल्या. मीही पंख फडफडवून घेतले.