ट्रकमधला दिवा

"सापडले, डॅडी," लोरीन दारातूनच म्हणाली. डोळे रडून सुजलेले होते, पण दोन दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर जरा जीव आला होता. "टॅलो क्रीक क्वार्टेटमधले ब्रदर गेलन. उद्या यायला तयार आहेत. मम्माच्या अंत्यविधीला चर्चमध्ये गाणार."

"गेलन म्हणजे टेनर," मी म्हणालो.

"हो, तेच. वरचा आवाज. चौघांतले आता तेवढेच उरलेत. मम्माला किती आवडायचे."

"बरं झालं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पोरीनं त्या माणसासाठी अर्धा अलाबामा पालथा घातला होता. मला त्याचा आवाज ऐकूच येत नाही, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?

अठराव्या वर्षी मी गिरणीत लागलो. साळखात्यात माग दुरुस्त करायचं काम. तीनशे माग, एकेका मागाचे धोटे दिवसभर आपटतात, आणि आपण त्यांच्या मधोमध उभे. कान वरून खाली जातात, आधी उंच आवाज आणि मग खालचे, हे मला नंतर कळलं. आधी पक्षी गेले. मग फोनची घंटा गेली. मग बायकांचे आणि पोरांचे आवाज. मुकादमाला सांगितलं तर म्हणाला, कानात कापूस घाल. कापसाला तिथं तोटा नव्हता.

साळखात्यातल्या सगळ्यांनाच ओठ वाचता यायचे, नाहीतर बोलणार कसं? ऑथा पलीकडच्या रांगेत विणकर होती. आमचं लग्न बारा मागांच्या पलीकडून ओठांवरच ठरलं. मी विचारलं, ती हो म्हणाली, आणि मुकादमाला वाटलं की ही दोघं तुटलेल्या धाग्याबद्दल बोलताहेत. चर्चमध्ये प्रवचन चालू असताना आम्ही दोघं आवाज न करता पाद्रीबाबांच्या टायवर टीका करायचो. त्यामुळे मी बहिरा आहे हे कुणाला कळलंच नाही. लोक समजायचे, डेल्मस जरा घुम्या आहे. मीही तसंच समजू दिलं. लोरीन दहा वर्षांची होईपर्यंत तिचा आवाज मला पुसटसा यायचा. नंतर तोही गेला. ते फक्त ऑथाला ठाऊक होतं.

उरला तो खालचा पट्टा. ढग, ट्रकचं इंजिन, आणि त्या क्वार्टेटमधल्या बर्ल स्टॅन्सिलचा खर्ज.

टॅलो क्रीकची ती चौकडी आमच्या भागात वर्षाला चार-पाचदा तरी यायची. शनिवारी हायस्कूलच्या व्यायामशाळेत कार्यक्रम. बाहेर त्यांची निळी बस, आत घडीच्या खुर्च्या, आणि ऑथाच्या मांडीवर बुटांच्या खोक्यात तळलेलं चिकन. ऑथा तिसऱ्या रांगेतल्या खुर्च्यांवर गोधडी टाकून जागा धरायची. आमची गोधडी हिरवी होती. ती हलवायची कुणाची छाती नव्हती. गाणं संपत आलं की बाकीचे तिघं मागे सरायचे आणि बर्ल माईक ओठांना लावून सुरांची एकेक पायरी खाली उतरायचा. लोक ओरडायचे, "आणखी खाली, बर्ल!" तो जमिनीवर काहीतरी हरवल्यासारखा वाकून बघायचा आणि आणखी उतरायचा. मग ती लाकडी जमीन माझ्या बुटांतून गुणगुणायला लागायची. पुढच्या खुर्चीच्या पाठीवर तळहात ठेवला की आवाज हातात यायचा. आठवडाभर मागांनी माझं डोकं फोडलेलं असायचं आणि त्या एका सुरानं ते परत जागेवर बसायचं. तेवढ्यासाठी मी ऐंशी मैल गाडी हाकली असती, आणि हाकलीही.

गेलनची वेळ आली की माझी पंचाईत. तो टाचा उचलायचा, मानेच्या शिरा फुगायच्या, तोंड उघडायचं आणि माझ्यापर्यंत काहीच यायचं नाही. काचेपलीकडच्या माशासारखा दिसायचा. लोक रडत उभे राहायचे. ऑथा माझी बाही ओढायची, मग मीही उभा राहायचो.

पण खरा कार्यक्रम पुढे असायचा. ट्रकमध्ये बसलो की ती छताचा दिवा लावायची, माझ्याकडे वळून बसायची आणि गेलनचं सगळं गाणं ओठांनी मला पुन्हा सांगायची. बोटानं हवेत सूर दाखवायची, कुठं चढला, कुठं धरला.

"आज शेवटची ओळ त्यानं इतकी धरली, मागच्या म्हातारीनं श्वासच घेतला नाही."

"मग मेली का?"

"मेल्या, ऐक ना."

घरापर्यंत दिवा तसाच जळत असायचा. एकदा पोलिसानं अडवून विचारलं, दिवा कशाला? ऑथा म्हणाली, "माझा नवरा माझं ऐकतोय, साहेब." तो म्हणाला, "मग राहू दे बाई, चालू राहू दे."

गिरणीनं माझे कान घेतले, तिची फुप्फुसं घेतली. तीस वर्षं कापसाचा धूळधुरळा गिळलेला. शेवटचे सहा महिने तिच्या तोंडातून आवाजच निघत नव्हता. लोरीन तिच्या ओठांना कान लावायची, नर्स लावायची, आणि तरी दोघींना काही कळायचं नाही. मला दारातूनच कळायचं.

एका दुपारी ती म्हणाली, "मी गेले की बर्लला बोलव."

"चौघांनाही बोलवतो."

"चौघं कुठले उरलेत आता? बर्ल आला म्हणजे झालं. मला काय ऐकू येणार आहे? तुला तरी येऊ दे."

"आणतो," मी म्हणालो.

बर्लला जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. बातमीचं पान मीच चुलीत घातलं होतं. चव्वेचाळीस वर्षांत तिच्याशी बोललेली मोठी खोटी गोष्ट तेवढीच. माझं तोंड वाचण्यात ती माझ्याहून तरबेज होती, त्यामुळे तिला कळलं असेल तर नवल नाही.

लोरीननं सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी चर्च भरलं. गेलन चौऱ्याऐंशीचा झाला होता. जावयाच्या दंडाला धरून आला आणि ऑथाच्या शवपेटीच्या उजव्या अंगाला उभा राहिला. गाताना नेहमी उजवीकडेच असायचा. पियानोच्या डाव्या हाताचे खालचे काही सूर मला आले. मग त्यानं तोंड उघडलं.

मी ओठ वाचायचा प्रयत्न केला. पण हनुवटी थरथरत होती, कवळी सरकत होती, शब्द हाती लागेनात. तो फक्त आपला भाग गात होता. मधेच थांबायचा, डावीकडे रिकाम्या जागेकडे बघायचा, आणि पुन्हा तोंड उघडायचा. माझ्या शेजारी लोरीनचे खांदे हलायला लागले. मागे वळून पाहिलं, सगळं चर्च रडत होतं. मी एकटा कोरडा बसलो होतो.

शेवटची ओळ आली. मला ती ओळ ठाऊक होती. गेलन थांबला आणि मागे सरला. तिथून बर्ल उतरायचा. मी उठलो, पेटीपाशी गेलो आणि तळहात लाकडावर ठेवला. लोकांना वाटलं, म्हातारा निरोप घेतोय. लाकूड गार होतं. मी बराच वेळ थांबलो.

बाहेर गेलननं माझा हात दोन्ही हातांत धरला. चेहरा जवळ होता, म्हणून वाचता आलं. "बर्लची जागा मोकळी ठेवली मी. तुमच्या लक्षात आलं ना?"

"आलं," मी म्हणालो.

तिला मातीत ठेवून आम्ही निघालो तेव्हा भर दुपार होती. ट्रकमध्ये बसलो. लोरीन तिच्या आईच्या जागेवर बसली. माझा हात वर गेला आणि मी छताचा दिवा लावला.

"डॅडी, एवढ्या उन्हात दिवा? बॅटरी उतरेल."

"गेलन कसे गायले ते सांग."

"म्हणजे? तुम्ही तिथंच तर होतात."

"तरी सांग. अगदी सुरुवातीपासून."

ती माझ्याकडे बघत राहिली. काय समजली कोण जाणे. मग माझ्याकडे वळून बसली, हुबेहूब आईसारखी, आणि सांगायला लागली. दोन शब्द मी वाचले. तिसऱ्याला तिला हुंदका आला. तिनं रुमाल तोंडाला लावला आणि रुमालाआडूनच पुढचं सांगू लागली.

रुमाल हलत होता. मी मान डोलवत राहिलो, तिचं सांगून होईपर्यंत.