मीठ सोडलेला माणूस

नरहरीने आमटीची वाटी बाजूला सारली आणि आख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात आनंदीला विचारलं, की नवऱ्याला मारायचा विचार आहे काय. मी कुंपणाच्या अलीकडे झाडूसाठी झावळ्यांचे हीर काढत बसले होते, त्यामुळे मला त्यांच्या ओट्यावरचं सगळं दिसत होतं. आनंदी म्हणाली, चिमूटभर तर मीठ आहे, तेवढंही नाही घातलं तर डाळ घशाखाली कशी उतरायची.

"मी मीठ सोडलंय," नरहरी म्हणाला. "सोडलं म्हंजे सोडलं."

हे सांगताना त्याच्या हातात निखाऱ्यावर भाजलेल्या खाऱ्या बांगड्याचा तुकडा होता. बांगडा कसला, मिठात मुरवून, उन्हात वाळवून, वरून पुन्हा मीठ चोळलेला. पण आमच्या पालघरकडच्या माहीमला खाऱ्याला कुणी मिठात मोजत नाही, तो मासळीत मोजतात. डॉक्टरने मीठ कमी करा म्हटलं की घरातली बरणी वर फळीवर जाते आणि खारा ताटात तसाच राहतो. आळीतला एकही माणूस नरहरीला हसला नाही, कारण प्रत्येकाच्या घरी तेच चाललेलं. मीही हसले नाही.

नरहरीचं प्रेशर सापडलं त्याला वर्ष झालं होतं. पालघरच्या डॉक्टरने रोज सकाळी घ्यायची एक गोळी लिहून दिली आणि ती कायमची आहे असं बजावलं. कायमची म्हटल्यावर नरहरीला राग आला. त्याचा थोरला भाऊ अशीच गोळी टाळता टाळता एका सकाळी अर्ध्या अंगाने लुळा झाला आणि पाच-सहा वर्षं खाटेवर पडून गेला. त्याचं सगळं आनंदीने केलं होतं. भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं. ती ते विसरली नव्हती, नरहरी मात्र साफ विसरला होता.

त्यात बोईसरहून त्याचा भाचा नीलेश आला. हा पोरगा आधी तारापूरच्या एका कारखान्यात होता, तिथून निघाला आणि आता डबे विकत फिरायचा. डब्यावर अर्जुनाच्या झाडाचं रंगीत चित्र, आत हिरवट चूर्ण. त्यात अर्जुनाची साल, लसूण आणि शेवग्याचा पाला. नरहरीच्या विहिरीवर शेवगा आहे. त्याचा पाला वर्षभर गळून मोरीत सडतो, त्याच्याकडे त्याने कधी ढुंकून पाहिलं नाही. तोच पाला डब्यात बसून बोईसरहून आल्यावर मात्र त्याने तो डबा देव्हाऱ्यापुढे ठेवून मग उघडला.

नीलेशने नुसता डबा दिला नाही, राहणीही शिकवली. सकाळी चालायचं, मीठ सोडायचं, राग सोडायचा, डोळे मिटून बसायचं आणि गोळीसारखं विष पोटात घालायचं नाही. यातलं चालणं चांगलं, राग सोडणंही चांगलं, मला त्याच्यात काही खोट काढायची नाही. पण नरहरी पांढरे बूट घालून सुरूच्या बनातून चालायला जायचा, तेव्हा वाडीत पानवेलींना पाणी आनंदी वळवत असायची. नारळ गोळा करणं तिच्याकडे, झावळ्या ओढणंही तिच्याकडेच. हा घामाघूम होऊन परत यायचा आणि पंख्याखाली बसून तिला सांगायचा, की माणसाने अंगाला व्यायाम दिला पाहिजे. मग डोळे मिटून शांत बसायचा आणि मिटल्या डोळ्यांनीच चहाला उशीर का झाला म्हणून ओरडायचा.

गोळ्या त्याने कचऱ्यात टाकल्या. आनंदीने त्या उचलून धुतलेल्या डब्यात ठेवल्या आणि उपकेंद्रात जाऊन मेघाली सिस्टरला विचारलं, की ही गोळी कुटून दिली तर चालते काय, यांना गिळता येत नाही. सिस्टरने पाकीट बघितलं आणि ही चालेल म्हणून सांगितलं, पण प्रत्येक गोळी चालत नाही, हेही बजावलं. त्या दिवसापासून आनंदी पहाटे उठून खलबत्त्यात गोळी कुटायची, नीलेशच्या चूर्णात मिसळायची, वर मध घालायची आणि नवऱ्याच्या हातात चमचा द्यायची. संपल्या की पालघरला जाऊन नव्या आणायची. हे तिने मला एकटीला सांगितलं होतं. मी म्हटलं, अगं, खोटंच ना हे. ती म्हणाली, खोटं तर खोटं, उभा तर हाय ना तो.

खरंच उभा होता. महिन्याभरात त्याचं प्रेशर उतरलं. नरहरीने मोजायचं यंत्र विकत घेतलं आणि ते पिशवीत घालून तो गावभर हिंडायला लागला. देवळाच्या कट्ट्यावर बाही वर करून बसायचा, आकडा आला की सगळ्यांना दाखवायचा आणि डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडायचा. नीलेशने त्याला बोईसरला एका सभेत नेलं. तिथे साहेब लोक हिंदीत बोलले, नरहरीने माहीमच्या बोलीत आपली कहाणी सांगितली, टाळ्या झाल्या, शाल मिळाली. ती शाल तो भर उकाड्यातही खांद्यावर टाकायचा. गावात बरेच डबे खपले. आनंदी सगळं बघत होती आणि गप्प राहत होती. मिरवू दे, म्हणायची.

आणि मग इंदुबाई पडली.

इंदुबाई कोळीवाड्यातली. डोक्यावर टोपली घेऊन दारोदार सुकी मासळी विकायची, नरहरीचा खारा बांगडा तिच्याकडूनच यायचा. प्रेशर तिलाही होतं, गोळी तिलाही होती. नरहरीने तिला ओट्यावर बसवून यंत्राचा आकडा दाखवला आणि गोळी सोडायला लावली. बिचारीने मान्य केलं. एवढा शिकलेला, वाडीवाला माणूस सांगतोय म्हटल्यावर तिने गोळ्या नातीच्या खेळण्यात टाकल्या आणि डबा सुरू केला.

त्या सकाळी ती नरहरीच्या ओट्यावर टोपली उतरवताना थांबली. म्हणाली, "आनंदीबाय, मना हात जड लागतं." पुढचं काही कळेना, शब्द तोंडातच घोळायला लागले आणि ओठ एका बाजूला गेला. आनंदीने थोरल्या दिराचं तोंड तसंच झालेलं बघितलं होतं. तिने वाट बघितली नाही, नाकाशी कांदा फोडला नाही, पाणी पाजलं नाही. रिक्षा बोलावली आणि इंदुबाईला धरून थेट पालघर गाठलं. वेळेत आणली म्हणून जीव वाचला, असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं. डावा हात मात्र लुळा पडला. टोपली आता तिच्या डोक्यावर चढायची नव्हती.

इंदुबाई घरी आली त्याच आठवड्यात नरहरीच्या अंगणात नीलेशची बैठक ठरलेली होती. ती त्याने रद्द केली नाही. आळीतले, कोळीवाड्यातले लोक चटयांवर बसले. कुणीतरी इंदुबाईचं विचारलंच. नीलेश म्हणाला, तिने पथ्य पाळलं नसेल. नरहरीने शाल सारखी केली आणि मान डोलावली. "तिने नेमाने खाल्लंच नसणार," तो म्हणाला. "माझ्याकडं बघा. माझं कसं उतरलं?"

आनंदी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला, आत गेली आणि खलबत्ता आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं पदरात घेऊन आली. सगळ्यांच्या मध्ये तिने ती ओतली. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही.

"रोज पहाटे यात कुटून तुमच्या चमच्यात घातली," ती नवऱ्याला म्हणाली. "तिने पण तोच डबा खाल्ला, तुमी पण तोच खाल्ला. तिच्या घरी कुटायला कोण नव्हतं, येवढाच फरक हाय. मी गप बसले म्हणून ती पडली. ते माझ्या माथी हाय. पण आता तुमी तिच्या माथी काय मारू नका."

पहिला सावरला तो नीलेश. म्हणाला, "म्हणजे मामी, आपल्या चूर्णाने गोळीचा गुण वाढवला, असंच झालं ना." हा पोरगा पुढे मोठा माणूस होणार, त्याबद्दल मला शंका नाही. त्या दिवशी मात्र लोक उठले, आणि जाताना बऱ्याच जणांनी आपापले डबे त्याच्या गाडीपाशी नेऊन ठेवले.

नरहरी चार दिवस बायकोशी बोलला नाही. तिच्या हातचा चमचा घेईना, गोळीला हात लावीना. यंत्र मात्र गुपचूप लावून बघायचा. मेघाली सिस्टर येऊन आनंदीलाही रागे भरली, की खोटं बोलून माझ्याकडून विचारून घेतलंस ते चुकलंच तुझं. आनंदीने ऐकून घेतलं. मग एका सकाळी नरहरी बूट न घालता वाडीत गेला, पानवेलींना स्वतः पाणी वळवून आला आणि ओट्यावर बसून त्याने तळहात पुढे केला. आनंदीने त्यावर गोळी ठेवली.

तेवढ्यात इंदुबाई आली. टोपली सुनेच्या डोक्यावर होती, तिचा डावा हात पदरात गुंडाळलेला. ती हल्ली रोज याच ओट्यावर येऊन आनंदीसमोर गोळी घेते, म्हणते घरी विसरायला होतं. टोपली खाली उतरली, वरच ताजा खारा बांगडा होता. नरहरीने हात पुढे केला.

इंदुबाईने उजव्या हाताने फडकं ओढून टोपली झाकली. "नाय देत," ती म्हणाली. अजून तिचे शब्द जरा तिरके येतात, पण एवढे सगळ्यांना कळले. "तुमी मीठ सोडलंय ना, नरहरीभाव?"

नरहरीने माझ्याकडे पाहिलं, आनंदीकडे पाहिलं, आणि गोळी पाण्याशिवायच गिळली.